ट्रकचा भोंगा

॥ श्री ॥
आर्वी, २१ मार्च १९८३

चंद्रभान भाऊजी यांस यशोदाचा आशीर्वाद. प्रमिला अन् लेकरं मजेत असतील. इकडे सर्व क्षेम, तिकडचं कळवजा, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. तुमच्या भावाच्या तेराव्याले तुम्ही आले अन् दारातूनच परत गेले, त्याले चार वर्षं झाली. तवापासून तुम्ही काही कळवलं नाई अन् मीबी विचारलं नाई. आज माझं अक्षर पाहून कपाळाले आठ्या पडल्या असतील तं पडू द्या. काम आहे म्हणून लिहून राह्यली.

आपल्या शेजारचं अण्णाजीचं कापडाचं दुकान मागच्या महिन्यात फुटलं. मागच्या भिंतीले भोक पाडून चोरानं सतरा लुगडी नेली अन् जाता जाता अण्णाजीची नवी चप्पलबी नेली. लुगड्यांचं दुःख त्याले कमी, चपलेचं जास्त. झालं! बैल गेला अन् झोपा केला. व्यापाऱ्यांची सभा भरली. तीन तास सभा, दोनदा चहा, अन् ठराव काय, तं चोर आला की वाजणारं यंत्र प्रत्येकानं दुकानात बसवावं. कोणतं यंत्र, कुठून आणायचं, हे मी विचारलं तं सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहून राह्यले. सभेत मी एकटी बाई. अण्णाजी म्हणे, "यशोदाबाई, तुमचा दीर नागपुरात विजेच्याच धंद्यात आहे नं? त्याले विचारा की." साऱ्या सभेनं माना खाली घातल्या. अण्णाजीले मागाहून आठवलं असावं. तो पानाच्या डब्यात चुना शोधत बसला.

तवापासून जो येते तो शहाणपण शिकवून जाते. एक म्हणे कुत्रं पाळा. कुत्र्यानं गिऱ्हाइकाचं धोतर धरलं तं मी भांडी कोणाले विकू, कुत्र्याले? दुसरा म्हणे गुरखा ठेवा. गुरखा रात्रभर शिट्टी मारत फिरते, म्हणजे चोराले बरोबर कळते हा आता कोणत्या गल्लीत आहे ते. तिसऱ्यानं दाराले घंटी बांधायले सांगितली. भांड्याच्या दुकानात घंटी! तिथं उंदीर पळाला तरी दहा परातींचा आवाज होते. कोणाकोणाले समजावू?

तुमच्या वडिलांचा, मामाजींचा विचार घ्यावा तं त्यांचे कान आता पुरतेच गेले. कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागते, अन् मंग मामाजी सोडून सारी गल्ली ऐकते. मी ओरडली, "मामाजी, दुकानात चोराचं यंत्र बसवायचं!" ते म्हणाले, "हो, जेवलो मी मघाशीच." मी कपाळावर हात मारून घेतला.

आता दुसरी गोष्ट. आपल्या दुकानातूनबी भांडी जातात. एकदम नाई, लग्नसराईत एखादा पाण्याचा गुंड, एखादी परात. भिंत फुटत नाई, कुलूप तुटत नाई, भांडं मात्र जाते. सभेत लोकं नत्थूजीचं नाव घेऊन राह्यले. तीस वर्षं दुकानात राबलेला माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं किल्ल्या माझ्यापुढे आणून ठेवल्या अन् म्हणे, "बाई, मले मोकळं करा. या वयात चोर म्हनून घेनं सहन नाई होत." मी किल्ल्या परत त्याच्या हातात कोंबल्या. भाऊजी, तेच परत मले करवत नाई. एवढंच लिहिते, जास्त नाई.

तं कोणतं यंत्र चांगलं अन् कोणतं फसवं, दोन ओळींत कळवा. उपकार होतील.

यशोदा


॥ श्री ॥
आर्वी, १८ एप्रिल १९८३

चंद्रभान भाऊजी यांस आशीर्वाद.

पाकीट मिळालं. फोडलं, उलटंपालटं करून पाहिलं, आतमध्ये बोट घालून पाहिलं. नुसता नकाशा! ना श्री, ना नमस्कार, ना वहिनी. बॅटरी इथं, तार तिथून, भोंगा वर. खाली एक ओळ, "मेनवर लावू नका, लाईन जाते." बाप्पा! तुम्ही गाव सोडल्याले नऊ वर्षं झाली, अन् नऊ वर्षांत पाच शब्द, तेबी लाईनीचे. आधी मले राग आला, मंग हसू आलं, मंग मी आत जाऊन जरा वेळ बसली.

पण तुमचं पाकीट यायच्या दोन दिवस आधी मुंबईचा एक साहेब येऊन टपकला. कोण्या कंपनीचा ते नाव लिहीत नाई, त्याची रोजी कशाले बुडवू. एप्रिलात, आर्वीच्या उन्हात, गळ्यात टाय! घामानं बिचारा भिजून चिंब. त्यानं पेटीतून तीन यंत्रं काढली. एक पायपोसासारखं, चोराचा पाय पडला की वाजते. दुसरं दाराच्या फटीत बसवायचं. तिसऱ्याले म्हणे डोळा आहे, डोळ्यापुढून कोणी गेलं की बोंबलते. त्या डोळ्याच्या किमतीत मी दुकानाले नवी गच्ची घालीन.

साहेबाले करून दाखवायचं होतं. नत्थूजी कोपऱ्यात परात घासत होता. साहेब त्याले हसत हसत म्हणे, "चाचाजी, आप चोर बनिए." नत्थूजीनं परात खाली ठेवली, हात पुसले, बाहेर गेला, तो दिवसभर आलाच नाई. साहेब म्हणे, "क्या हुआ?" आता त्याले काय सांगू? शेवटी तोच चोर झाला. पायपोसावर पाय ठेवला अन् तेवढ्यात लाईन गेली. यंत्र मुकं. साहेब टायसकट त्या पायपोसावर उड्या मारून राह्यला अन् दारात पोरासोरांची गर्दी. मी म्हटलं, "साहब, चोर को बोलना, लाइन आने तक रुके." अन् तार कापली तं? हे विचारल्यावर म्हणे, आतापर्यंत असा केस आला नाई. मी त्याले लिंबाचं सरबत पाजलं अन् मोटार स्टँडवर पोचवायले माणूस देल्ला.

मंग बंडूजीले बोलावलं. लग्नात भोंगे लावते तो. त्यानं तुमचा नकाशा जमिनीवर पसरला, विडी पेटवली, बराच वेळ पाहिलं अन् म्हणे, "बाई, हा मानूस हुशार हाय. दार उघडलं तरी वाजते, तार कापली तरी वाजते. चोरानं काईबी केलं तरी बोंब." मी म्हटलं, "माझा दीर आहे." भाऊजी, नऊ वर्षांत हे मी पहिल्यांदा चारचौघांत म्हटलं. बंडूजीले काही माहीत नाई, तो नवा माणूस आहे. म्हणे, "मंग त्याईलेच काऊन नाई बोलावत?" मी म्हटलं, तुम्ही आपलं काम करा.

ट्रॅक्टरची जुनी बॅटरी आणली. घंटी त्याले लहान वाटली, म्हणून मोडीतल्या ट्रकचा भोंगा काढून आणला. अन् सुरू झाला तमाशा. पहिल्या दिवशी मांजर शिरलं, भोंगा वाजला. लोकांले वाटलं बाजारात ट्रक घुसला. गवळ्याची म्हैस दोर तोडून पळाली ती भाजीवालीच्या टोपलीतून. दुसऱ्या दिवशी पाल. तिसऱ्या दिवशी नत्थूजी बटण बंद करायचं विसरला अन् सकाळी सकाळी स्वतःच भोंग्याखाली सापडला, हातातली केरसुणी टाकून रस्त्यावर. अण्णाजी म्हणे, "यशोदाबाई, याच्यापेक्षा चोर परवडला हो!" बंडूजीनं मंग दाराले तार जोडलेल्या पट्ट्या घट्ट केल्या. आता चार दिवस झाले, मांजर गेलं तरी चूप आहे.

साऱ्यांले सांगितलं आहे की यंत्र फक्त रात्री चालू राहील. पण उन्हापायी बाजार दुपारी एक ते चार बंद असते, तवाबी मी ते चालू ठेवणार. हे माझ्याशिवाय अन् बंडूजीशिवाय कोणाले माहीत नाई. भांडी दुपारचीच जातात असं मले वाटते. काऊन वाटते ते विचारू नका.

यशोदा, म्हणजे तुमची वहिनी, नकाशात लिहायची राहून गेली ती


॥ श्री ॥
आर्वी, ९ मे १९८३

चंद्रभान भाऊजी,

हे पत्र एकटे बसून वाचजा. प्रमिलाले मागाहून द्या, पण द्या.

परवा दुपारी दोन वाजता भोंगा वाजला. ऊन असं की कावळाबी बाहेर नाई. सारा बाजार झोपेतून उठून पळाला. अण्णाजी बनियनवर, हातात कापड मोजायचा गज. नत्थूजी बत्ता घेऊन. मी अनवाणी पळाली, पाय पोळले तेबी कळलं नाई. मागचं दार उघडं. भोंगा डोक्यावर बोंबलून राह्यला, कानठळ्या बसतात, अन् आत मामाजी पाटावर बसलेले! डोक्याले उन्हाचा पांढरा दुपट्टा गुंडाळलेला. मांडीवर पितळी गुंड. धोतराच्या सोग्यानं पुसून राह्यले, कडेवरून बोट फिरवून राह्यले, कुठं पोचा तं नाई नं पडला. त्यांच्या कानाले त्या भोंग्याचा पत्ताच नाई. मान वर केली तं दारात वीस माणसं. म्हणाले, "काय झालं? कोनी गेलं का?"

बंडूजीनं बॅटरीची तार काढली तवा भोंगा थांबला. अण्णाजी म्हणे, "हत् तेरी! मालकच आहेत, चला रे." सगळे हसत हसत गेले. मी नाई हसली. मामाजी माझ्याकडे पाठ करून गुंड फळीवर ठेवत होते अन् मी ती पाठ पाहत होती. दुपट्ट्यातून निघालेली मान, एक खांदा जरा खाली. तुमची पाठ तशीच आहे भाऊजी. बापलेकांची एकच पाठ.

घरी आणलं. बाजेवर बसवलं. विचारायचं कसं? त्यांले अक्षर ओळखता येत नाई, लिहून विचारावं तं तेबी नाई. मी कानाशी गेली अन् ओरडली, "गुंड कुठं जातात, मामाजी?"

त्यांनी डोक्याचा दुपट्टा सोडला. मंग म्हणाले, अन् बहिऱ्या माणसाचं बोलणं तुम्हाले माहीत आहे, चार घरं ऐकू जाते, म्हणाले, "गुप्तदान सांगायचं नसते, सूनबाई. ज्या घरी पोरीचं लग्न हाय अन् आंदनाले एक भांडं नाई, त्याईच्या दाराशी पहाटे ठेवून येतो. सांगितलं का पुण्य जाते. पुण्याचंबी सोड. गुंड धर्माचा हाय हे सासरी समजलं, तं पोरीले जलमभर टोमणे."

"किती वर्षं?"

"तुही सासू गेली तवापासून."

म्हणजे पंधरा वर्षं. मी ओरडली, "मंग चंद्रभानले चोर म्हटलं तवा तुम्ही याच बाजेवर बसले होते! बोलले काऊन नाई?"

"काय म्हनतं? मोठ्यानं बोल."

मी परत ओरडली. अण्णाजीची बायको गच्चीवर कुरडया घालत होती, तिचा हात थांबला.

ते म्हणाले, "मले वाटलं, दोन दिवसानं तुह्या नवऱ्याचा राग जाईल, मंग प्रभाकरले एकट्याले सांगीन. तिसऱ्या दिवशी पोरगा पुलगावच्या गाडीत बसून गेला. मंग कोन्या तोंडानं सांगू? रोज म्हनो, आज सांगतो. रोज."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जे तोंडाले आलं ते बोलली. चाळीस पोरींची लाज राखली, पोटच्या पोराची राखवली नाई? त्याले गाव सोडावं लागलं, त्याच्या भावानं त्याचं तोंड पाहिलं नाई, अन् तुम्ही पुण्य जमवत बसले? चूलबिल सारं विसरून मी ओरडत होती. मामाजींनी सारं ऐकून घेतलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांले सारं ऐकू आलं असं वाटलं. मंग त्यांनी मान वर केली अन् विचारलं, "अन् तू, सूनबाई? तू तं म्हटलं होतं, मी डोळ्यानं पाहिलं चंद्रभानले गुंड नेताना. ते तं मी होतो."

रागानं नाई म्हटलं. नुसतं विचारलं. भाऊजी, त्या माणसाले नऊ वर्षं माहीत होतं की मी खोटं बोलली. अन् नऊ वर्षं त्यांनी दोन्ही वेळ माझ्या हातची भाकर खाल्ली.

मी हळू आवाजात काहीतरी बोलली. ते म्हणाले, "ऐकू नाई आलं. मोठ्यानं सांग."

मी सांगितलं. मोठ्यानं सांगितलं. "मले चेहरा दिसला नव्हता! त्या दुपारी मागच्या दारातून जाणारी नुसती पाठ दिसली! तरी मी त्याचं नाव घेतलं!" ते म्हणाले, "काय?" मी परत सांगितलं. "तो गेल्यावर पुढच्याच वैशाखात दोन गुंड गेले! तवाच मले समजलं तो चोर नाई! मी कोणाले सांगितलं नाई, हिशोबात दाबून टाकलं!" तिसऱ्यांदा सांगितलं तवा माझा आवाज बसला. गल्लीतल्या साऱ्या खिडक्या उघड्या होत्या.

काऊन नाव घेतलं, ते मी गल्लीत नाई ओरडली. ते तुमचं आहे, तुम्हालेच लिहिते. तुमच्या भावानं मले विचारलं, "कोण होतं?" मधुकर तवा दहा वर्षांचा, दारातच गोट्या खेळत होता. माझी नजर त्याच्यावर गेली. मनात आलं, दुकानाचे दोन वाटे होतील, माझ्या पोराच्या वाट्याले काय राहील? एवढ्यात तोंडून निघून गेलं, "भाऊजी होते." एका श्वासाचं काम. तुमच्यावर माझा काहीच राग नव्हता, लग्न होऊन आली तवा तुम्ही माझ्यामागे विहिरीवर घागर घेऊन येत होते. तरी केलं. अन् आता मधुकर वर्ध्याले कॉलेजात आहे, नोकरी करतो म्हणते. "आई, मले भांडी विकायची नाई." ऐकून घेते.

काल मी व्यापाऱ्यांच्या सभेत गेली. गल्लीनं ऐकलं होतं, तरी माझ्या तोंडानं परत सांगितलं, उभं राहून. चंद्रभान चोर नव्हता, मी खोटं बोलली. मामाजींच्या गुंडाचं मात्र तिथं काही सांगितलं नाई, अन् गल्लीलेबी हात जोडून आली, त्या पोरींच्या सासरी कोणी बोलू नका. अण्णाजी म्हणे, "जाऊ द्या, जुनी गोष्ट." मी म्हटलं, "तुमच्यासाठी जुनी असेल." नत्थूजी घरापर्यंत माझ्यामागे आला, दाराशी आल्यावर म्हणे, "बाई, छोट्या मालकाले लिहिलं का?" म्हणून लिहून राह्यली.

मामाजी दोन दिवस दुकानात आले नाई. भिंतीकडे तोंड करून पडून राह्यतात. त्यांच्यासाठी यायचं असल तं या, माझ्यासाठी नको. दुकानाचा अर्धा वाटा तुमचा आहे, कागद करायले मी तयार आहे. तो तुम्ही घेणार नाई, हेबी मले माहीत आहे. माफी मागत नाई. मी मागितली की ती द्यायचं ओझं परत तुमच्यावरच येते.

आता एक राह्यलं. हे मामाजींनी विचारलं नाई, सभेनंबी नाई, कोणाले माहीतच नाई. तुमचे भाऊ शेवटच्या आजारात होते तवा त्यांनी दोनदा विचारलं, "चंद्रभाननं खरंच नेलं होतं का गं?" घरात मी अन् ते दोघंच होतो. त्यांचे कान शाबूत होते, हळू सांगितलं असतं तरी ऐकू गेलं असतं. दोन्ही वेळा मी "हो" म्हटलं.

तुमच्या भावाले "हो" म्हणणारी,
यशोदा